मीठ, चारोळी आणि पाचवी अनुसूची

खामगावहून मिठाची पोती गाडीत भरायची, पिंपळगाव राजाला घरी मुक्काम करायचा आणि पुढे जळगाव जामोदच्या बाजारात माल उतरवायचा, हा आमच्या आबाजींचा तरणेपणीचा धंदा. सातपुड्यातून कोरकू, निहाल, भिलाला माणसं चारोळी, डिंक, मोहफुलं घेऊन बाजाराला येत. व्यापारी पायली चारोळीनं शिगोशीग भरून घेई आणि मीठ देताना तीच पायली काठाला हात फिरवून सपाट करी. आबाजी चिडून सांगत, ‘‘माप आपलं, भाव आपला. त्याईच्या वाट्याले काय, तर नुसता डोंगर!’’

त्यांच्या आजानं सांगितलेली गोष्ट मेळघाटातल्या लहान लहान राजांची. घाटवाटा राखायच्या आणि त्या बदल्यात गावांचं उत्पन्न खायचं. मुलूख म्हणायला मोगलांचा, मग निजामाचा. पण कोरकू गावातला तंटा आडा पटेल मिटवी आणि देवाधर्माचं भूमका पाही. 1853 च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. पुढं राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या, नाकेदार आला, आणि वाडवडलांच्या रानात लाकूडफाट्यालाही दंड बसू लागला.

1935 च्या कायद्याखाली मेळघाट तालुका ‘अंशतः वगळलेलं क्षेत्र’ ठरला. पश्चिम खानदेशात काठी, नाल, सिंगपूरच्या मेवासी सरदारांची गावंही त्याच यादीत होती. तिथं कोणता कायदा लागू करायचा, हे गव्हर्नर ठरवी. स्वातंत्र्यानंतर मेवासी कारभार संपला, संविधानाची पाचवी अनुसूची आली, जमिनीला संरक्षण मिळालं. तरी गावाला विचारण्याची सक्ती व्हायला अनुसूचित क्षेत्रांसाठीचा 1996 चा पेसा कायदा यावा लागला, आणि महाराष्ट्राचे नियम 2014 साली निघाले. राजे, साहेब, राज्यपाल अशी धनीपणाची पाळी फिरत राहिली. ग्रामसभेची पाळी सगळ्यांत शेवटी आली.

आमच्या जिल्ह्यात तर तीही आली नाही. सातपुडा एकच, पण मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा अनुसूचित क्षेत्रात, अन् बुलढाणा जिल्ह्यातलं एकही गाव नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल या गावांना पेसाचा आधार नाही. 2022 च्या अखेरीस, महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला असताना, याच गावांनी रस्ता-विजेसाठी टाहो फोडत ‘आम्हाला मध्य प्रदेशात घाला’ अशी मागणी केली. मला ती धमकी वाटली नाही. ज्या राज्यानं कधी दार ठोठावलं नाही, त्या राज्याला त्यांनी आपला पत्ता कळवला होता.

वाट बंद नाही. अचलपूर तालुक्यातलं पायविहीरही अनुसूचित क्षेत्राबाहेरचं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडी गावानं राखली, झाडं जगवली, सीताफळं मुंबईच्या बाजारात नेऊन विकली. तिथं माप आणि भाव, दोन्ही गावानं ठरवले.

म्हणून भिंगाऱ्यापर्यंत डांबरी सडक जायलाच हवी. पण त्या सडकेवरून साहेबांच्या गाडीआधी सामूहिक वनहक्काचा दावा पुढं सरकला पाहिजे. डोंगरातल्या माणसाला राज्यात सामील करून घ्यायचं असेल, तर त्याच्या जंगलाचा निर्णय त्याच्या ग्रामसभेच्या हाती दिला पाहिजे. नकाशावर तर तो कधीपासूनच आपल्यात आहे.