ग्राफिक्स कार्डांतील श्रेणी : नाव आणि वस्तू यांच्या संबंधाचा इतिहास

संगणकावर खेळ खेळणारा ग्राहक ग्राफिक्स कार्ड विकत घेण्यास निघाला म्हणजे त्याच्यापुढील मुख्य प्रश्न श्रेणीचा असतो. एनव्हिडियाच्या कार्डांच्या नावांतील ६०, ७०, ८०, ९० हे शेवटचे दोन अंक श्रेणीचे दर्शक होत. एएमडीचीही अशीच संख्यामाला आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा कॅलिफोर्निया असो, "सिक्स्टी घ्यावे की सेव्हन्टी" याच भाषेत हा विचार चालतो. या भाषेत एक गृहीत दडलेले आहे. श्रेणीचे नाव हे आतील वस्तूचे विश्वसनीय माप होय, असे ते गृहीत. ते इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखात दिलेल्या किमती अमेरिकेत प्रथम जाहीर झालेल्या आहेत.

प्रारंभी हा प्रश्नच नव्हता. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची 'वूडू ग्राफिक्स' ही चिप बाजारात आली. ती केवळ त्रिमितीय चित्रे काढी. नेहमीच्या कामासाठी दुसरे कार्ड संगणकात असावेच लागे. तेव्हा ग्राहकाला निवड करावयाची ती कार्ड घ्यावे की न घ्यावे एवढीच. तीनच वर्षांत ही स्थिती पालटली. १९९९ मधील एनव्हिडियाच्या 'टीएनटी२' या एकाच घराण्यात 'अल्ट्रा', साधे, 'एम६४' आणि 'व्हँटा' अशा पायऱ्या दिसू लागल्या. यांपैकी 'एम६४' हे नाव मोठे बोलके आहे. मूळ चिपचा मेमरीशी असलेला मार्ग १२८ बिटांचा होता, तो येथे निम्म्यावर, म्हणजे ६४ बिटांवर आणलेला होता. अजाण ग्राहकास जो आकडा भूषणावह वाटावा, तोच वस्तुतः न्यूनतेचा निदर्शक होता!

तथापि श्रेणी म्हणजे केवळ विक्रेत्यांची करामत, असे समजणे एकांगी होईल. तिचे एक मूळ खुद्द सिलिकॉनमध्ये आहे. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अनेक चिपा एकदम घडविल्या जातात आणि त्या चकतीवर कोठे ना कोठे दोष राहतातच. चिप जितकी मोठी, तितकी तिच्या वाट्यास दोष येण्याची शक्यता अधिक. ग्राफिक्स चिप सारख्याच घटकांच्या पुनरावृत्तीने बनलेली असल्यामुळे सदोष घटक बंद करून उरलेली चिप खालच्या श्रेणीत विकता येते. टाकाऊ ठरणारा माल अशा रीतीने उपयोगी पडतो, आणि ग्राहकासही काही स्वस्त मिळते. येथवर हा व्यवहार सरळ आहे.

परंतु दोष आणि मागणी यांचे प्रमाण क्वचितच जुळते. ऑगस्ट २००२ मध्ये एटीआयने 'रेडिऑन ९७०० प्रो' हे ३९९ डॉलरांचे कार्ड आणले, आणि त्यातील आर३०० हीच चिप आठांपैकी चार पाइपलाइनी बंद करून 'रेडिऑन ९५००' या नावाने कमी किमतीस विकली. थोड्याच काळात हौशी मंडळींच्या असे ध्यानात आले, की काही ९५०० कार्डांमधील बंद पाइपलाइनी सॉफ्टवेअरच्या साह्याने उघडता येतात. कोणाच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटले. त्यांच्या चिपा खरोखरच सदोष होत्या. इतरांना मात्र ९७०० च्या जवळ जाणारे कार्ड अल्प किमतीत लाभले. २०१० मध्ये 'रेडिऑन एचडी ६९५०' चे 'एचडी ६९७०' मध्ये रूपांतर करण्याचा असाच प्रकार घडला. इतिहासाच्या दृष्टीने हा पुरावा मोलाचा आहे. खालच्या श्रेणीतील काही माल पूर्णतः निर्दोष असून, त्या किमतीच्या मालास मागणी अधिक होती एवढ्याचसाठी तो हेतुतः उणा केला जात होता, हे त्यावरून सिद्ध होते. उत्पादकांनी पुढे बंद घटक कायमचे छेदून टाकण्याची व्यवस्था केली आणि ग्राहकाच्या हातचे हे साधन हळूहळू गेले.

नाव आणि वस्तू यांची फारकत किती होऊ शकते, याचे ठळक उदाहरण त्याच वर्षीचे आहे. २००२ मध्ये 'जीफोर्स४' या नावाखाली 'टीआय' आणि 'एमएक्स' अशा दोन शाखा निघाल्या. टीआय ही प्रोग्रामयोग्य शेडर असलेली नव्या पिढीची चिप होती. एमएक्स मात्र जीफोर्स२ च्या वंशातील असून तिच्यात पिक्सेल शेडर मुळीच नव्हते. एमएक्स घेणाऱ्याला आपण त्याच पिढीचे, थोडे सावकाश चालणारे कार्ड घेत आहोत असे वाटले असल्यास त्याला दोष देता येणार नाही. पण २००३ मध्ये 'डेउस एक्स : इन्व्हिजिबल वॉर' सारखे खेळ आले, तेव्हा ते या कार्डांवर सावकाशही चालेनात, ते चालतच नव्हते. श्रेणीतील भेद वेगाचा आहे की क्षमतेचा, हा प्रश्न येथे प्रथम इतक्या स्पष्टपणे पुढे आला. माझ्या मते खरेदीच्या विचारात आजही हाच प्रश्न पहिला असावयास हवा.

श्रेणीची किंमत ठरविण्यात स्पर्धेचा वाटा किती असतो, ते २००८ च्या उन्हाळ्यात दिसले. एनव्हिडियाने 'जीटीएक्स २८०' ६४९ व 'जीटीएक्स २६०' ३९९ डॉलरांस जाहीर केली. त्याच जूनमध्ये एएमडीची 'एचडी ४८५०' १९९ आणि 'एचडी ४८७०' २९९ डॉलरांस आली. महिनाभरात एनव्हिडियाच्या त्या किमती अनुक्रमे ४९९ व २९९ वर उतरल्या. चिपेत अणुमात्र बदल झाला नव्हता.

२०१२ हे वर्ष संधिकालाचे मानता येईल. मागील पिढीत ज्या आकाराची व ज्या क्रमांकाची चिप ६० श्रेणीत वापरली जाई, तिचीच वारस असलेली जीके१०४ ही २९४ चौरस मिलिमीटरची चिप या वर्षी 'जीटीएक्स ६८०' म्हणून ४९९ डॉलरांस विकली गेली. पूर्वीच्या 'जीटीएक्स ५८०' ची चिप ५२० चौरस मिलिमीटरची होती आणि किंमत तीच. अर्थात नवी चिप अधिक सूक्ष्म प्रक्रियेवर बनलेली असून जुनीपेक्षा वेगवान होती, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम कार्डास ती पुरेशी होती. तेव्हा फसवणूक हा शब्द येथे योजणे उचित नव्हे. पण शिडी एका पायरीने सरकली, हे नाकारता येत नाही. मोठी चिप २०१३ च्या फेब्रुवारीत 'टायटन' या नव्या नावाने ९९९ डॉलरांस आली.

या सरकण्याचा परिणाम मधल्या श्रेणीवर काय झाला, ते मोजून पाहता येते. २०१० च्या 'जीटीएक्स ४६०' मध्ये ३३६ कोअर होते, तर त्या वेळच्या सर्वश्रेष्ठ 'जीटीएक्स ४८०' मध्ये ४८०. म्हणजे ६० श्रेणीच्या ग्राहकास वरच्या कार्डाचा ७० टक्के भाग मिळे. १०६० ला हे प्रमाण १०८० टीआयच्या सुमारे ३६ टक्के होते. २०६० ला ते ४४ पर्यंत वाढले, ३०६० ला पुन्हा ३४ वर आले. त्यानंतरची उतरण मात्र तीव्र आहे. २०२३ च्या 'आरटीएक्स ४०६०' मध्ये ३०७२ कोअर आणि ४०९० मध्ये १६,३८४, म्हणजे सुमारे १९ टक्के. २०२५ च्या ५०६० मध्ये ३८४० आणि ५०९० मध्ये २१,७६०, म्हणजे सुमारे १८ टक्के.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. कोअरांच्या प्रमाणात वेग वाढतोच असे नाही, आणि शिखरही मध्यंतरी पुष्कळ उंचावले आहे. 'जीटीएक्स ४८०' ची किंमत ४९९ डॉलर होती, ५०९० ची १९९९ आहे. चकतीच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरचा खर्चही प्रक्रिया सूक्ष्म होत गेली तसा वाढला. तेव्हा मधली श्रेणी खचली आणि शिखर चढले, अशा दोन्ही घटना एकत्र धरल्या पाहिजेत. असे असले तरी ४६० ची चिप ३३२ चौरस मिलिमीटरची होती आणि ४०६० ची १५९ ची आहे, हे तर शिखराचा विचार बाजूला ठेवूनही खरेच उरते.

नावातील संदिग्धता पुढेही टिकून राहिली. 'जीटीएक्स ९७०' ची ४ जीबी मेमरी प्रत्यक्षात साडेतीन जीबी वेगवान आणि अर्धा जीबी मंद अशी विभागलेली आहे, हे जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले; त्यावरून अमेरिकेत दावा होऊन प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. २०१६ मध्ये 'जीटीएक्स १०६०' चे ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार निघाले. भेद केवळ मेमरीचा भासे, पण कोअरही ११५२ व १२८० असे भिन्न होते. सप्टेंबर २०२२ मध्ये 'आरटीएक्स ४०८०' ही १२ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत जाहीर झाली. पहिलीत ७६८० आणि दुसरीत ९७२८ कोअर असून चिपाही वेगळ्या होत्या. या वेळी टीका इतकी झाली, की ऑक्टोबरमध्ये कंपनीने १२ जीबीचे कार्ड मागे घेतले. जानेवारी २०२३ मध्ये तेच ८९९ ऐवजी ७९९ डॉलरांस '४०७० टीआय' म्हणून अवतरले. विक्रीपूर्वीच मागे घ्यावे लागलेले असे दुसरे नाव या इतिहासात सहसा आढळत नाही.

या पार्श्वभूमीवर २०२५ मधील 'आरटीएक्स ५०६० टीआय' कडे पाहावे. येथे दोन्ही प्रकारांत चिप एकच व कोअर ४६०८ च. फरक खरोखर मेमरीचाच आहे, ८ जीबीस ३७९ आणि १६ जीबीस ४२९ डॉलर. वर म्हटल्याप्रमाणे भेद वेगाचा की क्षमतेचा, हे तपासले असता तो क्षमतेचा ठरतो. खेळातील पृष्ठचित्रे ८ जीबीत मावेनाशी झाली, की उरलेली संगणकाच्या मुख्य मेमरीतून पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गाने आणावी लागतात. तो मार्ग कार्डावरील मेमरीहून पुष्कळच मंद असल्याने चित्र अडखळते, किंवा पृष्ठभाग धूसर दिसू लागतात. त्यातही या कार्डास त्या मार्गाच्या सोळांऐवजी आठच मार्गिका आहेत. नव्या मदरबोर्डावर ही उणीव फारशी जाणवणार नाही. परंतु तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा जुना मदरबोर्ड कायम ठेवून केवळ कार्ड बदलणाऱ्यास, म्हणजे बहुधा ज्याने काटकसर म्हणून ८ जीबीचे कार्ड निवडले त्यालाच, ती अधिक भोवेल.