कॅप्स लॉकचा दिवा

२००८ च्या पावसाळ्यात मी आत्याच्या पानशेतच्या आठवणी टाइप करत होते. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत राहायची, वय अकरा. ती पलंगावर बसून सांगायची आणि मी उबुंटूवर, ओपन ऑफिसमध्ये उतरवून घ्यायचे. एका संध्याकाळी तिच्या गोष्टीतलं पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं आणि माझा कीबोर्ड मेला. माऊसचा बाण फिरत होता, पण क्लिक केलं तरी खिडकी ढिम्म. तासाभरात फाइल सेव्ह केलेली नव्हती.

“अगं, बंद करून चालू कर की,” आत्या म्हणाली.

मी आधी कॅप्स लॉक दाबलं. दिवा लागला. परत दाबलं, विझला. म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम जिवंत होता. मशीन मेलेलं नव्हतं, मधलं कोणीतरी अडलं होतं.

हे मधलं कोण, ते कळायला १९८४ मध्ये जावं लागतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्रोजेक्ट अथीना नावाचा प्रकल्प चालू होता. तिथे बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिम उभी केली. तिची अकरावी आवृत्ती, एक्स-११, सप्टेंबर १९८७ मध्ये आली आणि तोच आराखडा पुढे लिनक्सच्या पडद्यावर राहिला. कल्पना अशी, की पडदा, कीबोर्ड आणि माऊस एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात, तो एक्स सर्व्हर. बाकीचे सगळे त्याचे ग्राहक, आणि ते दुसऱ्या मशीनवर चालत असले तरी बिघडत नाही. १९९८ मध्ये पुण्यात सी-डॅकने परम १०००० बांधला, तोही सनच्या सोलारिस या युनिक्सवर चालायचा. गणना तिकडे, खिडकी इकडे, ही एक्सची रीत अशा यंत्रांसाठी सोयीचीच.

या रीतीचा घरगुती फायदा मी कॉलेजच्या लॅबमध्ये शिकले. पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडीवरून आम्ही लिनक्स चढवायचो. एकाचा पडदा गोठला की शेजारचा आपल्या मशीनवरून नेटवर्कने आत शिरायचा आणि अडलेला प्रोग्रॅम मारायचा. पडदा म्हणजे मशीन नव्हे, हे तिथे डोक्यात बसलं.

पण एक्समध्ये एक खोच होती. कुठलाही प्रोग्रॅम सर्व्हरला सांगू शकतो, की आता सगळा कीबोर्ड माझा, सगळा माऊस माझा. याला ग्रॅब म्हणतात. मेन्यू उघडा असताना हे लागतंच. तो प्रोग्रॅम तेवढ्यात हँग झाला तर वाड्याची किल्ली कमरेला लावून गावाला गेलेल्या भाडेकरूसारखी गत. बाण फिरतो, क्लिक मात्र कुणालाच पोचत नाही.

यावरचा जुना उतारा म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेस. एका फटक्यात एक्स सर्व्हर खलास, आणि त्याच्यासोबत उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या. २००९ मध्ये लोक चुकून दाबतात म्हणून तो आपोआप चालू असणं बंद झालं. माझ्या मशीनवर त्या संध्याकाळी तो चालू होता. बोटं तिथे गेलीही होती. दाबलं असतं तर मिनिटभरात स्वच्छ लॉगिन मिळालं असतं आणि पानशेत वाहून गेलं असतं.

किल्ली फक्त भाडेकरूकडून काढून घ्यावी, वाडा पाडू नये, अशी सोयही होती: कंट्रोल-ऑल्ट आणि नंबर पॅडवरचा गुणाकार. ग्रॅब धरून बसलेला प्रोग्रॅम तेवढा मारायचा. एक्स सर्व्हरच्या १.११ आवृत्तीत ती आपोआप चालू झाली, आणि जानेवारी २०१२ मध्ये बोभाटा झाला. पासवर्ड मागणारा स्क्रीन लॉकसुद्धा ग्रॅब धरूनच बसतो! तीन कळा दाबल्या की पहारेकरीच मरायचा आणि मशीन उघडं. अडलेला कोण आणि राखण करणारा कोण, हे सर्व्हरला ओळखता येत नव्हतं. मला हा किस्सा अजूनही फार आवडतो.

माझं दुखणं मात्र ग्रॅबचं नव्हतं, मराठीचं होतं. सी-डॅकच्या जिस्टने रुळवलेल्या आणि १९९१ च्या भारतीय मानकात आलेल्या इन्स्क्रिप्टमध्ये एका कळीला एक अक्षर असतं. ते काम सर्व्हरमधला नकाशा परस्पर करतो. पण मी आळशी, फोनेटिक वापरणारी. के दाबल्यावर क की ख, हे पुढचा एच येतो का ते पाहिल्याशिवाय ठरत नाही. त्यासाठी कळ आणि कागद यांच्यामध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. माझ्याकडे तो एससीआयएम होता. दुभाषा गप्प झाला, ओपन ऑफिस त्याच्या उत्तराची वाट बघत थांबलं. शेजारी इन्स्क्रिप्टवाला बसला असता तर त्याला काहीच झालं नसतं. (आईने टायपिंगच्या क्लासला जा म्हटलं होतं.)

दिवा लागलाच नसता तर शेवटचा उपाय होता. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून कीबोर्डवर पडून असलेली सिस-रिक्वेस्ट ही कळ लिनक्सच्या कर्नलने थेट स्वतःकडे घेतली आहे. ऑल्टसोबत ती धरून, थोडं थांबत थांबत आर, ई, आय, एस, यू, बी. आर एक्सकडून कीबोर्ड सोडवून घेतो, ई आणि आय प्रोग्रॅम बंद करतात, एस डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकतो, यू डिस्कला लिहिण्यासाठी कुलूप लावतो, बी रीबूट करतो. सेव्ह न केलेलं यातही जातंच, पण डिस्क शाबूत राहते. यातली काही अक्षरं बऱ्याच वितरणांत मुद्दाम बंद ठेवलेली असतात, तेव्हा वेळ येण्याआधी तपासून ठेवा.

आणि दिवे आपोआप लुकलुकायला लागले तर कर्नलच कोसळली आहे. मग आत्याचा उपाय.

त्याच २००८ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी वेलँड सुरू केलं. तिथे साध्या प्रोग्रॅमला सगळा कीबोर्ड बळकावता येत नाही. दुभाषा मात्र तिथेही लागतोच.

मी कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. आत्या म्हणाली, “गेलं ना सगळं?” मी लॉगिन केलं, दुभाष्याचा प्रोसेस नंबर शोधला, किल केलं, ऑल्ट-एफ७ ने परत आले. खिडकी हलली. आधी सेव्ह केलं.

“हं, कुठे होतो आपण?”

“तिसऱ्या पायरीवर.”

“चौथ्या,” आत्या म्हणाली. “तू नीट ऐकत नाहीस.”