२ए : एका रिसेप्टरची कुळकथा

एलएसडी या भास घडवणाऱ्या द्रव्याच्या जन्माची गोष्ट बहुतेकांच्या कानावर आलेली असते. बाझेलची सँडोझ कंपनी, तिथले रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन आणि १९ एप्रिल १९४३ रोजी प्रयोगशाळेतून सायकलवर घरी जाताना त्यांची झालेली अवस्था. मूळ द्रव्य राय या धान्यावरच्या अरगट बुरशीतले. (बाजरीच्या कणसावर चिकट थेंब आणणारा अरगट याच बुरशीचा भाऊबंद.) हॉफमन यांनी घेतलेली मात्रा होती अवघी २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅम. एवढासा कण मेंदूत नेमका कुठे जाऊन बसतो, हे कळायला पुढे चाळीस वर्षे गेली. मला त्या सायकलफेरीपेक्षा ही चाळीस वर्षे जास्त रंगतदार वाटतात.

ती जागा सेरोटोनिन या शरीरातल्याच द्रव्याची निघाली. पण सेरोटोनिनचा मेंदूशी संबंध असेल, असे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. इटलीत व्हिट्टोरिओ एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात ते आतड्यात सापडले आणि त्यांनी त्याला एन्टेरामाइन म्हटले. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये आयर्विन पेज, अर्डा ग्रीन आणि मॉरिस रॅपोर्ट यांनी १९४८ मध्ये तेच द्रव्य रक्तातून वेगळे काढले. त्यांना रक्तवाहिन्या आकसवणारा घटक हवा होता. दोन्ही द्रव्ये एकच आहेत हे नंतर उमगले. मग बेटी ट्वारोग ही तरुण संशोधक पेज यांच्याकडे आली. तिसऱ्यांच्या जातीतल्या एका शिंपल्याचे हृदय सेरोटोनिनच्या अत्यल्प अंशालाही प्रतिसाद देते, ही तिची मोजपट्टी. मेंदूत सेरोटोनिन असेल यावर पेज यांचा विश्वास नव्हता, तरी त्यांनी तिला प्रयोगशाळा दिली. १९५३ मध्ये दोघांच्या नावाने निबंध आला : सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन आहे.

त्याच वर्षी एडिनबरात जॉन गॅडम यांनी उंदराच्या गर्भाशयाच्या स्नायूवर पाहिले, की एलएसडी सेरोटोनिनचे काम अडवते. त्यांनी एलएसडी स्वतः घेऊनही पाहिले. दोन्ही धागे जोडून त्यांनी तर्क मांडला, की मनाचा समतोल राखण्यात सेरोटोनिनचा हात असावा आणि एलएसडी त्याला रोखत असावे. मागचे दार चोरानेच घरमालकाला दाखवावे, तसा हा प्रकार. पण तर्क फार दिवस टिकला नाही. सँडोझमध्येच तयार झालेले ब्रोमो-एलएसडी सेरोटोनिनला तितक्याच जोरात अडवत होते, पण घेणाऱ्याला भास होत नव्हते. नुसत्या अडवणुकीने भास होतात, हे म्हणणे तिथेच संपले.

गॅडम यांचे पुढचे काम मात्र पक्के ठरले. १९५७ मध्ये त्यांनी पिकारेली यांच्यासोबत गिनीपिगच्या आतड्यात सेरोटोनिनचे दोन वेगळे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे बसून काम करते त्या जागा, दाखवले, ‘डी’ आणि ‘एम’. १९७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या पेरुत्का आणि स्नायडर यांनी किरणोत्सारी खूण लावलेले सेरोटोनिन, एलएसडी आणि स्पायपेरोन हे औषध वापरून मेंदूतल्या या रिसेप्टरांचे ‘१’ आणि ‘२’ असे दोन गट पाडले. जुना ‘डी’ या ‘२’ मध्ये आला. पुढे पोटगट पडले तेव्हा त्याला ‘२ए’ हे नाव मिळाले. आज सेरोटोनिनचे चौदा रिसेप्टर मोजले जातात.

निर्णायक पुरावा १९८४ चा. रिचर्ड ग्लेनन आणि सहकाऱ्यांनी भास घडवणारी अनेक द्रव्ये घेतली आणि प्रत्येक द्रव्य ‘२’ ला किती घट्ट चिकटते ते मोजले. जे जास्त घट्ट चिकटते, त्याची माणसाला लागणारी मात्रा कमी. १९९८ मध्ये झुरिकला फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने स्वयंसेवकांना आधी केटान्सेरिन हे २ए अडवणारे औषध दिले आणि मग भास घडवणारे सायलोसायबिन; भास झाले नाहीत. म्हणजे गॅडम यांच्या तर्काच्या नेमके उलट निघाले : भास होतात ते रिसेप्टर अडवल्याने नव्हे, चेतवल्याने.

एलएसडीचा अंमल तासन् तास का राहतो, याचे उत्तर २०१७ मध्ये मिळाले. ब्रायन रॉथ यांच्या गटाने ‘२ए’च्या सख्ख्या भावंडात, ‘२बी’त, अडकलेल्या एलएसडीची रचना स्फटिकात पाहिली. रिसेप्टरचा एक पदर रेणूवर झाकणासारखा येतो आणि रेणू चटकन सुटत नाही.

एवढे होऊनही हिशेब पुरा झालेला नाही. मायग्रेन आणि पार्किन्सनसाठी वापरलेले लिसुराइड एलएसडीच्याच घराण्यातले. तेही २ए ला चेतवते, पण भास घडवत नाही. म्हणून २ए ला सरसकट ‘भासांचा रिसेप्टर’ म्हणणे मला घाईचे वाटते.