लिस्बनचा भूकंप आणि वाचक रूसो : आपत्तिसाहित्याच्या वाचकप्रतिसादाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नैसर्गिक आपत्तीवरील ग्रंथांचा अभ्यास करताना लेखक व घटना यांना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे वाचकाला दिले जात नाही. वस्तुतः आपत्तीचा कोणता अर्थ समाजात रुजला, हे पुष्कळदा वाचकाच्या प्रतिसादावरूनच कळते. लिस्बनच्या भूकंपावरील व्हॉल्टेअरच्या काव्याला रूसोने पत्राद्वारे दिलेले उत्तर हे याचे ठळक उदाहरण होय. या एका प्रतिसादाने आपत्तीविषयीचा प्रश्न कसा बदलला आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

घटना आणि काव्य

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. चर्चमध्ये उपासनेसाठी गर्दी झालेली होती. भूकंपापाठोपाठ समुद्राच्या प्रचंड लाटा टेगस नदीच्या मुखातून शहरात शिरल्या आणि त्यानंतर अनेक दिवस आग धुमसत राहिली. मृतांच्या संख्येविषयी मतभेद असले तरी ती काही दहा हजारांच्या घरात होती, हे निर्विवाद आहे.

व्हॉल्टेअरचे लिस्बनच्या विनाशावरील काव्य १७५६ साली प्रसिद्ध झाले. विश्वाची रचना शक्य तेवढी उत्तम असून जे घडते ते अंतिमतः योग्यच असते, हा लाइब्निझ व पोप यांच्या नावांशी जोडला गेलेला विचार त्या काळी शिष्टमान्य होता. ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या बालकांचा कोणता अपराध होता, लिस्बन हे लंडन वा पॅरिसहून अधिक पापी होते काय, असे प्रश्न विचारून व्हॉल्टेअरने या आशावादावर आघात केला. मात्र त्याच्या प्रश्नाचा रोख ईश्वर आणि सृष्टी यांच्याकडेच होता.

वाचकाचे उत्तर

रूसोने हे काव्य वाचून १८ ऑगस्ट १७५६ रोजी व्हॉल्टेअरला दीर्घ पत्र लिहिले. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे निसर्गाने तेथे दाटीवाटीने उभी केली नव्हती, असे त्याने निदर्शनास आणले. लोक अधिक विखरून आणि हलक्या घरांत राहत असते, तर हानी पुष्कळ कमी झाली असती. ओसाड प्रदेशांतही भूकंप होतात. परंतु तेथे शहरातील प्रतिष्ठितांचे नुकसान होत नसल्याने त्यांची चर्चा होत नाही, असेही त्याने सुचविले.

येथे प्रश्नाची दिशाच बदलते. ईश्वराने हे का होऊ दिले, या प्रश्नाच्या जोडीला घरे कोणी, कशी व कोठे बांधली, हा प्रश्न येऊन बसतो. रूसोचा मूळ हेतू ईश्वरी न्यायाचे समर्थन करण्याचा होता. परंतु त्या ओघात आपत्तीच्या सामाजिक कारणांचा विचार त्याने पुढे आणला. आपण निर्धन असूनही आशा बाळगतो आणि कीर्ती व वैभव लाभलेल्या व्हॉल्टेअरला मात्र सर्वत्र दुःखच दिसते, या विसंगतीकडेही त्याने लक्ष वेधले. वाचकाची स्वतःची स्थिती त्याच्या वाचनाला आकार देते, याची जाणीव त्यातून प्रकट होते. व्हॉल्टेअरने आजारपणाची सबब सांगून चर्चा टाळली. १७५९ साली प्रसिद्ध झालेली 'काँदीद' ही कादंबरी हेच आपल्या पत्राचे खरे उत्तर होय, असे रूसोने पुढे आत्मचरित्रात नमूद केले.

राज्यसत्तेचा प्रतिसाद

याच सुमारास लिस्बनमध्ये वेगळ्या प्रकारचे वाचन चालू होते. मालाग्रिदा या जेझुइट धर्मगुरूने १७५६ साली पुस्तिका प्रसिद्ध करून भूकंप हा पापाचा दंड असल्याचे प्रतिपादन केले व पश्चात्तापावर भर दिला. पुनर्बांधणीची धुरा वाहणारा मंत्री, जो पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला, त्याला ही पुस्तिका शासनकार्यात अडथळा वाटली. मालाग्रिदाला राजधानीबाहेर पाठविण्यात आले. पुढे अन्य आरोपांवरून १७६१ साली त्याला देहदंड देण्यात आला. दुसरीकडे शासनाने धर्मगुरूंकडे प्रश्नावली पाठवून धक्क्यांचा कालावधी, समुद्राची हालचाल, पडझड यांची माहिती मागविली आणि नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडा वापरण्याची पद्धत अवलंबिली. रूसोने तात्त्विक पातळीवर उपस्थित केलेला घरांचा प्रश्न येथे व्यवहारात सोडविला जात होता.

प्रतिसादाची मर्यादा

रूसोच्या युक्तिवादात एक धोकाही आहे. कपडे, कागदपत्रे वा पैसा घेण्यासाठी थांबल्यामुळे कित्येक जण प्राणास मुकले, असे तो म्हणतो. येथे घराच्या रचनेचा प्रश्न नकळत रहिवाशाच्या दोषाचा होतो. संकटापासून दूर बसलेल्या वाचकाला हा निष्कर्ष सोयीचा वाटतो. कारण दोष मृताकडे गेला की जिवंतांची जबाबदारी संपते.

या मर्यादेची कसोटी पाहण्यास महाराष्ट्रातील किल्लारीचे उदाहरण उपयुक्त ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथे सहा-सात मजली इमारती नव्हत्या. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचे जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळले. हलक्या घरांविषयीचे रूसोचे म्हणणे येथे खरे ठरते. परंतु जाड भिंती ही उन्हाळ्याशी आणि स्थानिक दगडाशी जुळवून घेणारी परंपरा होती. शिवाय त्या काळच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या विभागात समाविष्ट होता. ज्या धोक्याची सूचना शास्त्रानेही दिली नव्हती, त्याबद्दल गावकऱ्यांना दोषी कसे ठरविता येईल? प्रश्न घराचाच होता. पण उत्तराची जबाबदारी घरमालकाची एकट्याची नव्हती.

समारोप

आपत्तिसाहित्याचे वाचन केवळ हळहळ किंवा सांत्वन एवढ्यापुरते मर्यादित राहिल्यास त्यातून ज्ञाननिर्मिती होत नाही. रूसोने लेखकाशी मतभेद व्यक्त करून नवा प्रश्न विचारला, हे त्याच्या वाचनाचे मोल. त्याच प्रश्नाचे दोषारोपात रूपांतर होऊ न देणे, हे पुढील वाचकांचे कर्तव्य होय. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाने आपत्तीवरील ग्रंथांबरोबरच त्यांना आलेली पत्रे, परीक्षणे व खंडने हीदेखील साधने मानून अभ्यासली पाहिजेत. मृतांविषयी समाजाने स्वीकारलेली अथवा टाळलेली जबाबदारी त्यांतूनच स्पष्ट होते.