कण्हेर : कमी पाण्यावर फुलणारे सदाहरित झुडूप

मे महिन्यात झरी जामणी तालुक्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी अंगणातील गुलाब, जास्वंद करपतात. कण्हेर मात्र फुललेली असते. तिची पाने चामड्यासारखी जाड असून पानांच्या खालच्या बाजूची पर्णरंध्रे केसाळ खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे बाष्पीभवन कमी होते. महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर लावतात, त्यामागे हेच कारण आहे. शिवाय जनावरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. मात्र "सहसा" या शब्दावर विसंबू नये. त्याविषयी पुढे सविस्तर दिले आहे.

जमीन व लागवड

कण्हेर हलक्या, मुरमाड, चुनखडीयुक्त जमिनीतही येते. आपल्याकडील भारी काळ्या जमिनीत तिला खरा धोका मे महिन्यात नसून जुलैमध्ये असतो. पाणी साचले की मुळे कुजतात. म्हणून काळ्या जमिनीत दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन त्यात माती, मुरूम व 8-10 किलो कुजलेले शेणखत भरावे आणि रोप अर्धा फूट उंच वरंब्यावर लावावे. जागा भरपूर उन्हाची हवी. सावलीत झाड वाढते, पण फुलत नाही. दोन झाडांत 6 ते 8 फूट, कुंपणासाठी 3 ते 4 फूट अंतर ठेवावे.

रोप विकत आणण्याची गरज नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी डोळ्याच्या खाली कापावी, खालची पाने काढावीत आणि वाळू-मातीच्या पिशवीत लावावी. महिना-दीड महिन्यात मुळ्या फुटतात. फांद्या हाताळताना हातमोजे घालावेत.

पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड 10 लिटर पाणी द्यावे आणि बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचे आच्छादन करावे. दुसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा पाणी पुरते. तिसऱ्या वर्षापासून झाड स्वतःचे स्वतः पाहते. फुले नव्या शेंड्यांवर येतात, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एक तृतीयांश छाटणी करावी.

शेंड्यांवर पिवळा मावा हमखास दिसतो. पाण्याचा जोरदार फवारा किंवा 5 टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे. पाने खाणाऱ्या अळ्यांपैकी काही फुलपाखरांच्या असतात. त्यांचे चकचकीत रुपेरी कोष मुलांना दाखवावेत, फवारणी करू नये.

विषारीपणा

कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ आणि बी हे सर्व भाग विषारी आहेत. त्यातील घटक थेट हृदयावर परिणाम करतात. पान वाळले तरी विष जात नाही. ओले कडू पान टाळणारी शेळी चाऱ्यात मिसळलेले सुकलेले पान खाऊन जाते. उन्हाळ्यात चारा टंचाई असताना हा धोका वाढतो. म्हणून गोठा, कडब्याची गंजी, विहीर व पाण्याच्या हौदाजवळ कण्हेर लावू नये. धुऱ्यावर शेळ्या चरत असतील तर तिथेही नको. छाटलेल्या फांद्या लगेच खड्ड्यात पुराव्यात. त्या चुलीत घालू नयेत, धूरही अपायकारक असतो. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, हे वेगळे झाड आहे, पण तेही तितकेच विषारी आहे.

देवाला फुले वाहण्यास हरकत नाही. प्रसादात किंवा तीर्थात ती पडू देऊ नयेत. केरळमधील त्रावणकोर देवस्वम मंडळाने मे 2024 मध्ये नैवेद्य व प्रसादात ही फुले वापरणे बंद केले.

मुलाने कोणताही भाग खाल्ल्यास उलटी करवण्यात, घरगुती उपायांत वेळ घालवू नये. 108 वर फोन करावा आणि झाडाची डहाळी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. जनावर लाळ गाळू लागले, थरथरू लागले किंवा त्याला हगवण लागली, तर पशुवैद्यकाला कण्हेरीची शंका सुरुवातीलाच सांगावी.