फाटलेल्या किकची गोष्ट

माझी पहिली बीट मी फोनच्या स्पीकरवर लावली, तर किक गायब! लाल दिवा लागेल या भीतीने मी आवाज दबकतच ठेवला होता.

रॉटरडॅमच्या पोरांनी ती भीती कधीच सोडली होती. रोलँडचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन १९८३ मध्ये आलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या गॅबर संगीतकारांनी त्याची किक मुद्दाम फाटेपर्यंत चढवली. असं केलं की ध्वनिलहरीचे शेंडे सपाट होतात आणि मूळ स्वरावर नवे, उंच स्वर तयार होतात. फोनच्या इवल्या स्पीकरला खोल स्वर पेलत नाही, पण हे उंच स्वर ऐकून कान खालचा स्वर ताडतो.

आता मी फक्त किकवर थोडं डिस्टॉर्शन लावतो. हेडफोन काढून तुम्हीही ऐकून बघा.