सर्व हक्क कोणाच्या स्वाधीन?

पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले असते. कोणाच्या स्वाधीन, हे आपण फारसे विचारलेले नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचाच अधिकार नव्हता, त्यांनी अक्षरावरच्या मालकीचा विचार कोठून करावा? आता मात्र तो करावा लागतो. माझे विद्यार्थी भीमगीतांचे तुकडे आणि बाबासाहेबांची छायाचित्रे मोबाइलवरून रोज चारचौघांत पाठवतात आणि ‘सर, हे चालते का?’ म्हणून विचारतात. घरातला पहिला पदवीधर मी. कायद्याचे पुस्तक मीही या प्रश्नासाठीच उघडले.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण होऊ दिले नाही. त्यांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वखर्चाने छापले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गुजराती नि तमिळ भाषांतरे निघाली. विचार पसरला तो असा हातोहात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत ठेवली होती. त्या हिशेबाने बाबासाहेबांचे लेखन २००७ च्या आरंभी सर्वांचे व्हायचे. पण १९९१ अखेर रवींद्रनाथांच्या लेखनावरचा विश्वभारतीचा हक्क संपत होता, म्हणून वटहुकूम निघाला आणि १९९२ च्या कायद्याने मुदत ६० वर्षांची झाली. शांतिनिकेतनच्या उत्पन्नाची काळजी दिल्लीला वाटली आणि दलित वाचकाला दहा वर्षे थांबावे लागले! हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०१७ रोजी मोकळे झाले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्याचा हिशेब निराळा, तो प्रकाशनाच्या सालापासून चालतो. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र शासनाने १९८७ साली छापले. त्याची मुदत २०४७ अखेर संपेल.

गाण्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांचे शब्द २०२९ अखेर मोकळे होतील. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांचे २०६४ अखेर. हा झाला कागद. प्रत्यक्षात आमच्या गायनपार्ट्यांनी कधी कोणाची परवानगी मागितली? वहीत गाण्याच्या वर ‘चाल : अमुक सिनेमा’ असे लिहिलेले असे आणि खाली शब्द आपले. चाल उचलली, हे खरेच. पण सिनेमावाल्यांनी लावणी, गोंधळ, पोवाडा यांतून जे उचलले त्याची पावती त्यांनी कोणत्या फडाला दिली? लोकांच्या चालीला कायद्यात धनी नाही, म्हणून ती फुकट. तिच्यावर वाद्ये चढवणाऱ्याला धनी आहे, म्हणून ती विकत.

गाणाऱ्याची गत तर आणखी वाईट. १९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता. त्याच निकालाला न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडले आणि गायकाला या कायद्यात काहीच स्थान नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले. संसदेला कलावंताचा हक्क मान्य करायला १९९४ उजाडले. मधल्या वर्षांत कॅसेट आली. माझ्या चुलत्यांनी मुंबईच्या एका कंपनीसाठी आठ गाणी गायली. हातावर एकदाच पैसे ठेवले, कागदावर सही घेतली. कॅसेट किती खपली, त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येऊ नये, ही तरतूद २०१२ ची. तोवर ते गेले होते.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, चोर कोण ते आधी पाहा. वस्तीत गाणारा चोर नव्हे. कायद्याचे ५२ वे कलम वाचा. स्वतःच्या वापरासाठी, संशोधनासाठी, टीका वा परीक्षणासाठी रास्त वापर करता येतो. २०१२ पासून ध्वनिमुद्रणही त्यात आले. हौशी मंडळाने तिकीट न लावता गाणे म्हटले तर चालते. लग्नाच्या वरातीला सूट आहे. जयंतीच्या मिरवणुकीचे नाव मात्र तेथे नाही, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. ‘तीस सेकंद चालतात’ हे ऐकीव; कायद्यात असे माप नाही. पण अख्खे गाणे हजार जणांना धाडणे म्हणजे ‘स्वतःचा वापर’ नव्हे, हेही समजून घ्या. छायाचित्रांचे सोपे आहे : १९५६ पूर्वी प्रसिद्ध झालेली बाबासाहेबांची छायाचित्रे आज कोणाच्याही मालकीची उरलेली नाहीत.

माझा राग नक्कल करण्यावर नाही, नाव खोडण्यावर आहे. आमच्या शाहिरांनी वकील न करता आपला हक्क राखला होता. शेवटच्या कडव्यात ते स्वतःचे नाव गुंफत. वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ येतो तो मिरवायला नव्हे. ज्याच्याजवळ छापखाना नाही त्याचे ते सहीशिक्क्याचे पान आहे. कायद्याचे ५७ वे कलम हेच म्हणते : बाकीचे हक्क विकले तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा लेखकाचा अधिकार विकला जात नाही, २०१२ नंतर तो वारसांनाही बजावता येतो. आणि आज तुकडा कापताना पहिली कात्री लागते ती शेवटच्या कडव्यालाच, कारण पोरांना धृपद तेवढे हवे असते.

चुलत्यांची वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात तीन गाणी अशी आहेत की, त्यांचे शेवटचे कडवे उतरून घ्यायचे राहिले. चाल लिहिली आहे, सिनेमाचे नाव लिहिले आहे. शाहीर कोण, हे मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारले. तिघांनी तीन नावे सांगितली.